फ्यूजची जागा

दणकेकाकांचं खरं आडनाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं आणि विचारायची गरजही कुणाला पडली नव्हती. ज्याच्या हाताखालून गेलेली गाडी रस्त्याने गेली की दुतर्फा खिडक्यांच्या काचा थरथरतात, त्याला दणके नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? माणूस मात्र अंगाने एवढासा आणि आवाजाने त्याहून एवढासा. घरात वरच्या पट्टीत बोलायचं काम त्यांनी आधी बायकोवर सोपवलं होतं आणि ती गेल्यावर मुलीवर.

गाड्यांना स्टिरिओ बसवायच्या कामात त्यांची एक खोड होती. गाडीत कंपनीचा स्टिरिओ तसाच ठेवून बाहेरचा अ‍ॅम्प्लिफायर आणि सबवूफर, म्हणजे घुमणारा मोठा स्पीकर, जोडायचा, तर बॅटरीपासून थेट डिकीपर्यंत एक जाड लाल वायर न्यावी लागते. बॅटरीजवळच त्या वायरला फ्यूज असतो. वायर कुठे घासून लोखंडाला टेकली, की फ्यूज उडतो आणि गाडी वाचते. फ्यूजच्या डबीतच दोष आहे का, हे बघायला काका कधीकधी फ्यूज काढून त्याजागी तांब्याची पट्टी अडकवत. दोनच मिनिटं. ती दोन मिनिटं फ्यूज काकांच्या ओठांत. तो जागेवर गेल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. गिऱ्हाईक काहीही विचारो, काका मान हलवणार. तोंड बंद असलं की माणूस विसरत नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि आजवर त्यांचं कधी काही अडलंही नव्हतं.

त्या दुपारी दारात आली ती जावयाची गाडी.

तिच्यातला सबवूफर काकांनीच हौसेने बसवून दिलेला. महिन्याभरात दोनदा फ्यूज उडून तो मुका झाला होता. जावई भला माणूस, हसण्यावारी नेत होता. पण सासऱ्याच्या हातचं काम जावयाच्या गाडीत बंद पडावं, हे काकांच्या जिव्हारी लागलं होतं. त्यांनी ड्रायव्हरची सीट आपल्या उंचीप्रमाणे पुढे ओढली, कार्पेट उचलून हाताला लागली तेवढी वायर चाचपली, मीटर लावला. कुठेच काही नाही. राहता राहिली डबी. काकांनी फ्यूज ओठांत धरला, पट्टी अडकवली, गाणं लावलं. सबवूफर असा घुमला की मागच्या सीटवरची नात टाळ्या पिटायला लागली. डबीचे स्क्रू जरा ढिले होते, ते काकांनी आवळले.

एवढ्यात जावई बॉनेटशी आले. "मामा, सापडलं का हो? नेमकं झालं होतं काय?"

दुसरं कुणी असतं तर काकांनी मान हलवली असती. पण जावयाने तोंडावर विचारावं आणि आपण तोंडात वस्तू धरून मुंडी हलवावी? काकांना ते बरं दिसेना. फ्यूज काढून त्यांनी शर्टाच्या खिशात टाकला.

"डबी ढिली होती, जावईबापू. आवळलीय. आता काळजी नको."

"वा!" म्हणून जावयांनी धाडकन बॉनेट लावून टाकलं.

"बाबा, निघतो हं. वेळेवर जेवा," मुलगी म्हणाली. जावई आत बसले आणि कळवळले. "मामा, तुमच्यानंतर या सीटवर बसायचं म्हणजे गुडघे कानाला लागतात!" त्यांनी सीट खर्रकन मागे सरकवली. सगळे हसले. काकाही हसले.

गाडी गेल्यावर काका हत्यारं आवरू लागले. चष्मा ठेवायला खिशात हात घातला आणि बोटांना फ्यूज लागला.

त्यांनी तो बाहेर काढला. आणि मग कानात तो आवाज आला, सीट मागे सरकल्याचा. मीटर लावला तेव्हा सीट पुढे होती. वायर त्याच सीटखालून गेली होती, त्यांनी स्वतःच नेली होती. जावई सीट मागे घ्यायचे, खालची लोखंडी पट्टी वायरवर चढायची आणि रोज थोडी थोडी सोलायची. डबीचा काही दोष नव्हता. फ्यूज आपलं काम चोख करत होता. आता उडायला फ्यूजच नव्हता, डबीत तांब्याची पट्टी होती, म्हणजे जळणार होती ती वायर. आणि सीटच्या मागे नातीचे पाय होते.

मुलीला फोन लावला. नुसतीच रिंग. पुन्हा लावला. त्या गाडीत मोबाइल वाजलेला ऐकू येणार नाही, याची व्यवस्था काकांनीच करून दिली होती. जावयांचा फोन मात्र स्टिरिओला जोडलेला. तो लावला तर आपली चूक सगळ्या गाडीत घुमणार. तेवढ्या धांदलीतही हा विचार काकांच्या मनात आला. मग त्यांनी नंबर दाबला.

"बोला मामा! तुमचा आवाज डिकीतून येतोय, काय भारी वाटतंय!"

"जावईबापू, जमलं तर गाडी जरा बाजूला घ्याल का? एक वायर बघायची राहिलीय."

जमलं तर! पोटची पोर आगीवर बसलीय आणि हा गृहस्थ म्हणतो, जमलं तर!

"अहो, हायवेला लागलो. मागे ट्रकची रांग आहे. पोचल्यावर बघू की."

"जळका वास वगैरे..."

"कुणीतरी कचरा जाळतंय वाटतं. काचा लावून घेतल्यात."

तेवढ्यात मागून नातीचा आवाज आला. "आजोबा, माझ्या पायाखाली गरम गरम लागतंय."

"थांबव गाडी!" काका ओरडले. शेजारचा पंक्चरवाला दचकून उठला. "ऐकतोस का? आत्ता थांबव! पोरीला उचल आणि लांब पळा!"

ब्रेक किंचाळला. ट्रकचा लांबलचक हॉर्न. दार उघडल्याचा आवाज, मग मुलीचं ओरडणं, "मागचं उघडत नाहीये! अहो, मागचं दार उघडत नाहीये!" त्यानंतर नुसती खरखर, आणि फोन बंद झाला.

काका तसेच उभे राहिले. लावावा तो फोन लागेना. पंक्चरवाल्याने पाणी आणलं ते त्यांना दिसलंही नाही.

अखेर मुलीचा फोन आला. "बाबा, आम्ही बाहेर आहोत. तिघंही. यांनी काच फोडून काढलं तिला. गाडी गेली." ती धापा टाकत होती. मागे जावई लोकांना सांगत होते, "सासऱ्यांनी फोन केला म्हणून वाचलो हो!"

"बाबा, तुम्हाला कळलं कसं?"

काहीही सांगता आलं असतं. "फ्यूज माझ्या खिशात आहे," काका म्हणाले. "मी तो परत लावलाच नाही."

ती याच दुकानात लहानाची मोठी झाली होती. तिला आणखी काही सांगावं लागलं नाही. ती गर्दीतून दोन पावलं बाजूला झाली. मग अगदी हळू, परक्या माणसाशी बोलावं तशी म्हणाली, "हे यांना सांगू नका. कधीच." आणि लगेच मोठ्याने, "घ्या, यांना बोलायचंय तुमच्याशी."

"मामा..." जावई रडत होते. "तुमच्यामुळे माझी पोरगी वाचली. मघाशी मला अरे-तुरे केलंत ना, आता तसंच बोलायचं. मुलगाच समजा मला."

"बरं, बाळा," काका म्हणाले, आणि स्टूल चाचपत खाली बसले.