निळ्या डोळ्यांचं स्थळ

विमलकाकू कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेल्या की पाणी घ्यायच्या नाहीत. "पाणी नंतर. आधी तुमचा फ्रिज बघू दे," म्हणायच्या आणि घरातलं कुणी काही बोलायच्या आत स्वयंपाकघरात शिरून दार उघडून उभ्या राहायच्या. त्यांचं काम लग्नं जुळवायचं. बडोद्यातल्या निम्म्या मराठी घरांतली मुलंमुली त्यांच्या जाडजूड वहीत होती. त्या म्हणायच्या, "दिवाणखाना काय, पाहुणे यायच्या आधी कुणीही आवरतं. फ्रिज आवरायचं कुणाला सुचत नाही. तिथं माणसं खरी सापडतात." एका इंजिनियर मुलाचं स्थळ त्यांनी एवढ्याचसाठी नाकारलं की फ्रिजमध्ये मुलाच्या आईच्या नावाची चिठ्ठी लावलेला श्रीखंडाचा डबा वेगळा होता.

माझी त्यांची ओळखही फ्रिजमुळेच झाली. मी परभणीकडचा. नववीत शाळा सोडली आणि एका ठेकेदाराबरोबर बडोद्याच्या कारखान्यात कामाला आलो. पुढे फ्रिज आणि एसी दुरुस्तीचं काम शिकलो. मांजलपूर भागातल्या एका टेनामेंटमधून, म्हणजे बैठ्या घरातून, बोलावणं आलं, म्हणून गेलो. काकूंनी दारातच मला अडवलं.

"माझा फ्रिज परक्याला उघडू देत नाही मी. आधी तुझी पिशवी उघड."

मला वाटलं, चोर समजतायत. मी हत्यारांची पिशवी उघडली. पाने, पक्कड, गॅसची नळी, सगळं जुन्या धोतराच्या तुकड्यांत वेगवेगळं गुंडाळलेलं होतं. काकूंनी वाकून बघितलं, एक पाना हातात घेतला, परत जसा होता तसा गुंडाळून ठेवला.

"लग्न झालंय?"

"हो. बायको गावी आहे. दोन वर्षांची मुलगीपण."

"गावी का?"

"इथं खोली मिळत नाही."

"माझ्या मागच्या अंगाला दोन आहेत. पत्र्याच्या आहेत हं. रविवारी घेऊन ये दोघींना. आणि फ्रिज नीट कर, कालपासून दूध फाटतंय."

एवढंच. त्यानंतर अठरा वर्षं आम्ही त्या खोल्यांत राहिलो. काकूंची नजर अधू झाली तसं त्यांच्या वहीत मुलामुलींची माहिती लिहायचं काम माझ्याकडे आलं. माझं अक्षर आज वाचता येण्यासारखं आहे ते त्यामुळे. "मिस्त्री, वेलांटी दुसरी. मुलगी एम.ए. आहे, वाचेल तर काय म्हणेल?" असं म्हणत त्यांनी मला राहिलेली शाळा शिकवली.

माझी मुलगी सायली दहावीला होती तेव्हाची ही गोष्ट. ती एकदा म्हणाली, "पप्पा, ऐंशीच्या वर टक्के पडले तर मला हस्की आणाल?" मी कॉम्प्रेसर उघडून बसलो होतो. हस्की म्हणजे बिस्किटाची वगैरे जात असेल असं वाटून मी म्हटलं, "दोन आणू." निकाल लागला. चौऱ्याऐंशी टक्के! आमच्या अख्ख्या घराण्यात दहावी पास झालेली ती पहिली. मी गल्लीत पेढे वाटून घरी आलो तर सायलीनं मोबाइल पुढे केला. पडद्यावर लांडग्यासारखा एक कुत्रा बर्फात लोळत होता. डोळे निळे. आणि माणसासारखा रडत-गात होता.

"एकच पुरे, पप्पा," ती म्हणाली.

शब्द दिलेला. मी आयुष्यात कुणाला फारसे शब्द दिलेले नाहीत, कारण पाळता येतील की नाही याची मला आधीपासूनच धास्ती असते. हा दिला होता, तोही पोरीला. माझी बायको रेखा म्हणाली, "काकूंना विचारा." मी विचारलं. काकूंनी चष्मा कपाळावर सरकवला.

"कुठलं आहे?"

"पादरा गावाजवळ एक केतनभाई म्हणून आहेत. त्यांच्याकडे पिल्लं झालीयत."

"मग बघायला जाऊ. न बघता घरात कुणी आणतं का?"

रविवारी सकाळी काकू तयार झाल्या त्या त्यांच्या ठरलेल्या अंजिरी साडीत. ती त्या फक्त मुलगी बघायला जाताना नेसायच्या. काखेत वही. रिक्षात बसताना त्यांनी आम्हाला शिस्त सांगितली. "आपण मुलाकडचे. आपण घेऊन जाणार आहोत. तेव्हा कुणी हुरळून जायचं नाही. सायली, तू तर अजिबात नाही. पिल्लू गोड असणारच. लहानपणी गाढवही गोड असतं."

केतनभाई फाटकातच उभे होते. मोकळ्या स्वभावाचा, हसरा माणूस. "आवो आवो, माजी! बेसो. ठंडुं लेशो?"

"ठंडुं पछी," थंड नंतर, काकू म्हणाल्या. "पहेलां एनी मम्मी बतावो." आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, "पोरगी बघायला गेलं की आधी आई बघायची. वीस वर्षांनी पोरगी तशीच होते."

पण तोवर पिल्लूच बाहेर आलं होतं. कापसाचा बोळा. एक कान उभा, एक पडलेला. ते सरळ सायलीकडे आलं, तिच्या मांडीवर चढलं आणि जांभई देऊन झोपलं. सायलीनं माझ्याकडे बघितलं. आता हिला नाही म्हणणारा बाप जगात कुठं असेल?

काकूंनी मात्र वही उघडली. "वय?" "दोढ महिनो." "भावंडं?" "चार." "स्वभाव?" "बहु वातोडियण, माजी! आखो दिवस बोले." "बोलकी आहे," काकूंनी मला लिहायला सांगितलं. "घरकाम?" असंही त्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं. केतनभाई गंभीरपणे म्हणाले, "ना. चंपल खाय छे." मी तेही लिहिलं.

मग आम्ही आई बघायला आतल्या खोलीत गेलो. खोलीचं दार बंद, खिडक्यांना गोणपाट. एसी चालू होता. आई फरशीवर पाय पसरून पडली होती, जीभ बाहेर, पोट भात्यासारखं वरखाली. मोबाइलमधला तो बर्फात लोळणारा प्राणी आणि ही एकाच जातीची असतील असं मला खरं वाटेना. तिनं निळे डोळे उघडून आमच्याकडे बघितलं. उठली नाही.

माझा कान एसीकडे लागला. माझं काम तेच. मशीन धापा टाकत होतं. मी बाहेर जाऊन बघितलं तर बाहेरचा डबा भर उन्हात, मागे भिंतीला चिकटलेला. राहवलं नाही. मी आत येऊन स्टुलावर चढलो, जाळी काढली आणि नळाखाली धुवायला घेतली. रेखा दात-ओठ खात पुटपुटली, "आपण मुलाकडचे ना?"

"गरमीमां तकलीफ नथी थती?" काकू विचारत होत्या.

"अरे माजी, टेवाई जाय. आदत पडी जाय," केतनभाई म्हणाले.

काकूंनी मान हलवली. इकडेतिकडे बघितलं. आणि मग विचारलं, "भाई, तमारुं फ्रिज क्यां छे?"

केतनभाई गोंधळले. काकू बोट दाखवायची वाटही न बघता स्वयंपाकघरात गेल्या. त्यांनी खालचं दार उघडलं नाही, वरचं उघडलं, बर्फाचं. आत भाजी नाही, आईस्क्रीम नाही. नुसत्या पाण्याच्या बाटल्या, ओळीनं गोठवलेल्या. मोजून बारा. प्रत्येकीला जुन्या बनियनचा तुकडा गुंडाळलेला.

"आ कोना माटे?" हे कुणासाठी, काकूंनी विचारलं.

केतनभाईंचं हसू मावळलं. "मम्मी माटे," ते हळूच म्हणाले. एसी बंद पडला, लाइट गेली की त्या बाटल्या तिच्या पोटाखाली ठेवायच्या. बायको आणि ते पाळीपाळीनं बसतात. गेल्या उन्हाळ्यात ते भाचीच्या लग्नालासुद्धा गेले नव्हते. हौसेनं आणली होती, आता जिवापाड जपत होते. माणूस वाईट नव्हता. काकूंनी दार अलगद लावलं आणि पहिल्यांदाच त्या घरचं पाणी मागून घेतलं.

निघताना त्या केतनभाईंना म्हणाल्या, "कळवतो."

रिक्षा फाटकाबाहेर पडली मात्र, सायलीनं हंबरडा फोडला. "आजी, मला माहितेय! तुम्ही 'कळवतो' म्हणालात! 'कळवतो' म्हणजे नाही! लहानपणापासून ऐकतेय मी!"

काकू वही छातीशी धरून बसल्या.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दोन वाजता त्या आमच्या दारात उभ्या. पुन्हा अंजिरी साडी. "आज मी मुलीकडची," त्या म्हणाल्या. "स्थळ बघायला आलेय. पिल्लू द्यायचं की नाही ते ठरवते."

"काकू, घर तुमचंच आहे," मी म्हटलं.

"म्हणूनच नीट बघितलं पाहिजे ने."

त्या खाटेवर बसल्या. डोक्यावर पत्रा तापलेला. पंखा भट्टीतली हवा खाली ढकलत होता. पाच मिनिटांत त्यांचं कुंकू ओघळलं. पंधरा मिनिटांनी त्या पदरानं वारा घ्यायला लागल्या. मी घाबरून म्हटलं, "काकू, मी ठरवलंय. एक जुना एसी आहे माझ्याकडे, एका गिऱ्हाईकानं टाकून दिलेला. नीट करतो, लावतो. पिल्लाला त्रास नाही होणार. शब्द दिलाय मी पोरीला."

सायली कोपऱ्यात तोंड फिरवून बसली होती. ती न वळताच म्हणाली, "पप्पा, मी डोक्याला ओला टॉवेल बांधून दहावीचा अभ्यास केला. तेव्हा नाही सुचला तुम्हाला एसी?"

एसी मिस्त्रीच्या घरात एसी नाही, यात मला आजवर काही वाटलं नव्हतं. एकदम वाटलं.

काकू मध्ये पडल्या. "त्याला नको बोलूस. मला बोल. शहरातल्या पाचशे घरांचे फ्रिज उघडले मी, पण माझ्या मागचं घर कधी दुपारी येऊन बघितलं नाही." त्या उठल्या, दाराला धरून उभ्या राहिल्या. "हे स्थळ नापास. इथं माणसंच कशीबशी राहतायत, त्यात बर्फातली पोर काय आणता?" मग सायलीकडे बघून म्हणाल्या, "पण तुझ्या बापाचा शब्द मी खाली पडू देणार नाही. चांगलं घर बघून देते की नाही बघ."

संध्याकाळी त्यांनी मला फोन लावून द्यायला सांगितला. घडियाळी पोळ या जुन्या गल्लीतली सुषमा, जिचं लग्न त्यांनी वीसेक वर्षांपूर्वी एका फौजी मुलाशी जुळवलं होतं. ती आता शिमल्याच्या वरच्या अंगाला राहायची आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत माहेरी आली होती. काकू फोनमध्ये ओरडून सांगत होत्या, "सुषमा, स्थळ आहे. रंग गोरा, डोळे निळे, माहेर पादऱ्याचं. बोलकी आहे. चपला खाते, ते लपवत नाही. तुझा फ्रिज बघायची गरज नाही मला, तुझं अख्खं गावच फ्रिज आहे."

केतनभाई फोनवर लहान मुलासारखे रडले आणि लगेच हो म्हणाले.

पाठवणीच्या आदल्या दिवशी काकूंनी पिल्लाचं रीतसर केळवण केलं, आपल्या पुढच्या खोलीत, पडदे ओले करून. पाटाभोवती रांगोळी, पानात दहीभात. सायलीनं तिचं नाव ठेवलं बर्फी. बर्फीनं दहीभात खाल्ला, रांगोळी चाटली आणि काकूंची चप्पल ओढत झोपाळ्याखाली नेली. सायली दिवसभर तिला मांडीवर घेऊन होती. सुषमाताईंची गाडी निघाली तेव्हा काकूंनी पदर डोळ्यांना लावला आणि दटावलं, "रडू नका रे कुणी. चांगल्या घरी चाललीय." सायली हसता हसता रडत होती. त्या हिवाळ्यात फोनवर चित्रफीत आली. बर्फी बर्फात लोळत होती, गात होती. सायलीनं ती मला किती वेळा दाखवली सांगता येणार नाही. "पप्पा, तुम्ही आणलीतच की," ती म्हणाली.

आमच्या पत्र्यावर पाठवणीच्याच आठवड्यात काकूंनी चुन्याचे दोन हात चढवून घेतले होते आणि आतून थर्माकोलचं छत लावून घेतलं होतं. तो टाकलेला एसीही मी नीट करून लावला, सायलीच्या टेबलापाशी.

आणि पाठवणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला निघालो तर काकू ओट्यावर उभ्या. हातात गोठवलेली पाण्याची बाटली, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली. "लोकांच्या गच्चीवर उन्हात बसून त्यांची घरं थंड करतोस. कुत्रीला मिळते, तुला का नको? आणि रिकामी परत आण हं मिस्त्री, हरवायची नाही." मग तो नेमच झाला. सकाळी भरलेली न्यायची, संध्याकाळी रिकामी द्यायची. चार उन्हाळे.

पाचव्या उन्हाळ्यात, एका सकाळी, काकू उठल्याच नाहीत. झोपेतच गेल्या. त्यांचा मुलगा पुण्याहून आला. सगळं पार पडल्यावर मला म्हणाला, "दादा, घर बंद करतोय. फ्रिज तेवढा रिकामा करून द्याल?"

मी त्यांच्या फ्रिजपुढे उभा राहिलो. दुरुस्तीला शंभरदा उघडलेला, पण हात पुढे होईना. शेवटी उघडला. एका वाटीत अर्धं लिंबू, विरजणाचं भांडं, फुलवाती. वरचं दार उघडलं. आत एकच बाटली. अंजिरी साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली, गच्च गोठलेली. त्यांनी जायच्या आदल्या संध्याकाळी ठेवलेली, माझी दुसऱ्या दिवसाची.

मी ती घेतली आणि कामाला गेलो. दिवसभर गच्चीवर ऊन होतं. घोट घोट करून संपवली. संध्याकाळी परत आलो, आणि कुलूप लावलेल्या दारासमोर रिकामी बाटली हातात धरून किती तरी वेळ उभा राहिलो. द्यायला आलो होतो.