मधलं ताट

आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली, आणि एम.एस्सी.पर्यंत पोचलेलीही मीच. संख्याशास्त्रातला प्रकल्प मी घरच्याच मालावर केला. धानोऱ्याच्या आमच्या घराच्या धाब्यावर, म्हणजे सपाट छतावर, तीन ताटांत ओली लाल मिरची पसरायची, रोज संध्याकाळी वजन करायचं आणि वजन कसं उतरत जातं त्याची वक्ररेषा बसवायची. प्रकल्पात नापास झाले असते तर वर्ष गेलं असतं, आणि एम.एस्सी. होईपर्यंत थांबवलेलं माझ्या लग्नाचं बोलणं त्याच आठवड्यात पुन्हा सुरू झालं असतं. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

वक्ररेषेच्या सूत्रात एक आकडा वाळण्याच्या वेगाचा. कडेच्या दोन ताटांचा तो नीट आला. मधल्या ताटाचा आला ऋण. म्हणजे सूत्र म्हणत होतं की या ताटातली मिरची उन्हात वाळत नाहीये, ओली होत चाललीय. वजनंही तेच सांगत होती. काटा बदलून पाहिला, तरी तेच. वर हात फिरवला तर वरच्या मिरच्या गार लागल्या, देठ हिरवे. खालच्या मात्र खुळखुळत होत्या. दव असेल, असं मी स्वतःला सांगितलं. शेजारच्या ताटांवर दव का नव्हतं, हे विचारायचं टाळलं.

प्रकल्पाच्या सरांना फोन केला.

"अगं, मिरची उन्हात ओली होते का कधी? वेग धनच राहील अशी अट घाल, बसेल रेषा."

अट घालायची रीत मला येत होती. वेगाच्या जागी e चा घात लिहायचा. घातातली संख्या कितीही खाली गेली तरी वेग शून्याच्या वरच राहतो. मी तसं लिहिलं आणि संगणक चालू केला. आतली संख्या खाली जाऊ लागली. गेली, आणखी गेली, थांबेचना. तळ नसलेल्या विहिरीत दगड टाकावा आणि आवाजच येऊ नये, तसं. वेग शून्याला जाऊन चिकटला आणि पडद्यावर रेषा आडवी पडली. अट पाळली गेली होती. पण त्या रेषेतली मिरची कधीच वाळणार नव्हती.

"तेवढं ताट गाळून टाक," सर म्हणाले.

गाळलं असतं तर पास झाले असते. पण वजनं मी माझ्या हातानं केली होती. खोटी म्हणू कशी?

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी पाण्याच्या टाकीमागे बसले. खाली गल्लीत चिटपाखरू नव्हतं. गरम वाऱ्यानं मिरच्या मधूनच खडखडत, कुणी त्यांच्यावरून चालल्यासारख्या. मग जिन्यातून माय वर आली. बांगड्या कोपरापर्यंत सारलेल्या, ओठ घट्ट मिटलेले. पदरातून मूठभर ओली मिरची तिनं मधल्या ताटात सोडली, ताटाकडे न बघता. तो चेहरा माझ्या ओळखीचा नव्हता. मला हाक मारवली नाही.

संध्याकाळी विचारलं तर ती हसली.

"तू रोज मापस, रोज कमी व्हस. मापेल रास डोयासमोर घटू देवाले नको, पोरी. तुन्ही परीक्षा शे ना?"

"मग मधल्यातच का टाकलंस?"

"मधली रास घरनी ऱ्हास. टाकतांना बोलानं नही, देखानं नही."

खळ्यावर धान्याची रास मापताना पाळायची रीत तिनं माझ्या प्रकल्पाला लावली होती. मीही हसले. मग वजनं पुन्हा बघितली आणि हसू गेलं.

"माय, तू मावशीकडे अक्कलकुव्याला होतीस, त्या दोन दिवसांतही वजन वाढलंय. बाबा शेतावर मुक्कामाला, मी संध्याकाळी वजन करायला येईपर्यंत कॉलेजात. दिवसभर घराला कुलूप होतं."

ती भाकरी थापत राहिली.

"मी नव्हती, मंग दुसरं कोनी टाकं व्हई. रास काय एकली ऱ्हास का कधी?"

तोंडी परीक्षेत मी तिन्ही ताटं दाखवली. मधल्याची अट काढून टाकली होती. वेग ऋण होता तसाच ठेवला. मायची मूठ सांगितली तेव्हा बाहेरून आलेले परीक्षक खळखळून हसले. मग मी ते दोन दिवस सांगितले, कुलपासकट. ते पुढं ऐकायला थांबले. पुढं काही नव्हतं.

"बरं," ते म्हणाले, आणि पान उलटलं.

मी पास झाले. लग्नाचं बोलणं अजून कुणी काढलेलं नाही. यंदाही धाब्यावर मिरची आहे. मी वजन करत नाही, आणि मधल्या ताटाकडे बघतही नाही.