भिकाजी तांडेलाने न खाल्लेला सरंगा

मिठबावच्या भिकाजी तांडेलाला समुद्राने कधी रडवलं नाही, पण बायकोच्या देवधर्माने पार मेटाकुटीला आणलं!

तांडेल म्हणजे मासेमारीच्या मचव्याचा म्होरक्या. आयुष्यभर त्याने नारळ ठेवून, गाऱ्हाणं घालून मगच किनारा सोडला. तांडेलाने देवाला साकडं घालायचं आणि दर वाक्याला खलाशांनी एका सुरात ‘व्हय म्हाराजा!’ म्हणायचं. ही सवय इतकी हाडात मुरलेली, की समोर कोणी हात जोडून पुटपुटताना दिसलं तरी भिकाजीच्या तोंडातून ‘व्हय म्हाराजा’ बाहेर पडायचंच. मग ते काय मागतायत ते ऐकू येवो न येवो!

गोवा मोकळा झाला आणि मुंबईहून दाबोळीला विमान जायला लागलं, तेव्हाची ही गोष्ट. भिकाजीचं मुंबईत पोटाचं ऑपरेशन झालं होतं. दोन महिने नुसती पेज आणि मुगाचं पाणी! मासा बंद! कोकणातल्या माणसाला यापेक्षा मोठी शिक्षा काय असते सांगा! शेवटी एकदाचे डॉक्टर म्हणाले, “आता खा मासे.” त्याच दिवशी पुतण्या गुरुदासने जाहीर केलं, “काका, घराकडे जावचा ता इमानान. आणि उतारल्यार पयला जेवाण माझ्याकडसून. सरंगो!” बाप गेलेल्या या पोराला भिकाजीनेच वाढवलं होतं. आता त्याला मुंबईत चांगली नोकरी लागली होती.

तिघं विमानात बसली. तिथल्या बाईने पेपरमिंटच्या गोळ्या दिल्या, कानात घालायला कापूस दिला. भिकाजीने बोळे असे ठासून भरले जणू मचव्याची भेग बुजवतोय. विमान धडधडत सुटलं. शेजारी बायकोने, रुक्मिणीने, डोळे मिटले, हात जोडले, ओठ हलू लागले. आणि हा बाबा बसल्या जागेवरून ओरडला, “व्हय म्हाराजा!”

झालं! तिथेच घोळ झाला.

उतरल्यावर वास्कोच्या खानावळीत ताटं आली. अख्खा सरंगा, रव्यात तळलेला, कडा कुरकुरीत! भिकाजीने बाह्या सारल्या. रुक्मिणीने त्याचं मनगट धरलं.

“थांबा. तुमका मासो चलाचो नाय.”

“डाक्तर चलता म्हणालो मगे?”

“डाक्तराचा सोडा. इमानात मी गाऱ्हाणा घातलंय. सुखरूप उतरव, गावच्या रामेश्वराक नारळ ठेवीपर्यंत दोघांच्या तोंडात मासो जावचो नाय म्हणान.”

“मगे तू नको खाव! माका कित्याक बांधतंस?”

“तुमी व्हय म्हाराजा म्हणालात! फुडची माणसां वळान बघूक लागली!”

“माझ्या कानात कापूस होतो गो!”

“देवाच्या कानात नव्हतो.”

भिकाजीने कपाळ बडवून घेतलं. मग हट्टाला पेटला. “मी आताच दुसरा गाऱ्हाणा घालतंय. पयला रद्द! बा देवा रामेश्वरा, ह्या बायकोन माका इचारल्याशिवाय... बोल गो, व्हय म्हाराजा!” रुक्मिणीने तोंडावर पदर धरला. गुरुदासने तोंड उघडलं, काकीने डोळे वटारले, त्याने मिटलं. उत्तराशिवाय गाऱ्हाणं कसलं!

“दोन म्हयने पेज पिलंय गो!” भिकाजी रडकुंडीला आला.

“मी तरी खंय मासो खाल्लंय? तुमका बंद, तसो माका पण बंद.”

भिकाजीने ताटावरचा हात मागे घेतला. हे त्याला माहीतच नव्हतं! बरं, आता रागावायचं तरी कोणावर?

आणि गुरुदास? त्याचे डोळे भरून आले. “काका, ल्हानपणी मधलो तुकडो माका दिलात नि तुमी शेपटी चोखलात. आज मधलो तुकडो तुमका होयो होतो. म्हणान ह्या सगळा केलंय. आता खंयचो सरंगो नि खंयचा काय!” त्याने स्वतःचं ताटही ढकललं.

ताट ढकललेलं बघून मात्र भिकाजीचं डोकं सटकलं. “अन्नावर रुसतंस? हड ता ताट हय!” त्याने ताट ओढलं, सरंग्याचा काटा एका ओढीत उपसला, मधला तुकडा सोडवला आणि एवढ्या मोठ्या कोटवाल्या माणसाला भर खानावळीत भरवला. “खा! तुझो काको बघता. आणखी खा! माझ्या वाटणीचो पण तूच खा!” गुरुदास लाजत, डोळे पुसत, सगळं खात गेला. भिकाजी चमच्याने सोलकढी-भात गिळत त्याच्या प्रत्येक घासाकडे बघत राहिला.

उठताना रुक्मिणी म्हणाली, “हात धुवा.”

“धुवचंय नाय.”

“शी! कित्याक?”

“नवस न खावचो आसा. वासाचो नाय!”

आणि मिठबाव येईपर्यंत, एसटी बदलत, होडीने खाड्या ओलांडत, भिकाजी तांडेल बोटं नाकाशी धरून बसला. रुक्मिणीने पहिल्यांदा कपाळावर हात मारला, मग तोंड फिरवलं. सावंतवाडी गेल्यावर मात्र तिने हळूच तो हात आपल्याकडे ओढला, हुंगला आणि म्हणाली, “लसूण कमी घातलेली मेल्यांनी.”