काळ्या फितीतला फोटो

प्यो गिल-सू उभ्या आयुष्यात एकदाच सिनेमाच्या पोस्टरवर आला, आणि तोही मेलेला.

बुसानमध्ये आम्ही काही म्हातारी माणसं सिनेमात गर्दी भरायला जायचो. बाजारातली गर्दी, लग्नातली गर्दी. प्योदादा आमच्यातलाच, आयुष्यभर बंदरावर हमाली केलेला. त्या वर्षी एक जुना विनोदी सिनेमा नव्याने काढत होते. बाप मरतो, सगळं खानदान मयताला जमतं आणि त्याच्या फोटोसमोरच हाणामारी होते, अशी गोष्ट. त्या फोटोसाठी म्हातारा हवा होता. जिवंत माणसाच्या फोटोला मयताची काळी फीत! आमच्यातलं कुणी तयार होईना. दादाने हात वर केला.

"दादा, डोकं ठिकाणावर आहे ना?" मी म्हटलं. "मरणाला आवतण कशाला देताय?"

"वहिनी, आमचा ते-सोक सिनेमाचा वेडा. हा बघितल्याशिवाय राहायचा नाही. फीत बघून दचकेल, निदान फोन तरी करेल."

ते-सोक त्याचा एकुलता एक मुलगा, सोलला असतो. आईच्या मयतात बापलेकांची सगळ्यांदेखत जुंपली आणि मुलगा जो निघून गेला तो गेलाच. दादाने नंतर किती फोन केले, त्याने एकही उचलला नाही.

शूटिंगला दादा कॅमेऱ्यामागे स्टुलावर बसून होता. नटांनी ताटं भिरकावली, एकाने रश्श्याचं भांडं थेट फोटोवर उपडं केलं. सगळे पोट धरून हसले. दादाही हसला. मला ते बघवेना, मी उठून बाहेर गेले.

सिनेमा तुफान चालला. रस्त्यात पोरंटोरं "ओ मयत आजोबा!" म्हणून हाका मारायची. दादा मान डोलवायचा आणि खिशातून फोन काढून बघायचा. फोन गप्पच.

"तुम्हीच करा की पुन्हा," मी एकदा वैतागून म्हटलं.

"मी केला तर त्याला कळेल ना, म्हातारा जिवंत आहे. मग दचकणार कसा?"

असल्या हट्टाला काय म्हणायचं! बाप तसा लेक, दुसरं काय.

थंडीत दादा झोपेतच गेला. मयताच्या हॉलमध्ये लावायला दुसरा धड फोटो नव्हता, म्हणून सिनेमातला तोच लावला. ते-सोक आला, काळे कपडे घालून फोटोशेजारी उभा राहिला, येणाऱ्यांना वाकून नमस्कार करू लागला. मी आलेल्यांना रस्साभात वाढत होते. तेवढ्यात त्याची लहानगी मुलगी फोटोकडे बोट दाखवून ओरडली, "बाबा, हे तर पिक्चरमधले आजोबा! आपण बघितलेले!"

मी वाडगा खाली ठेवला आणि त्याच्यापाशी गेले.

"तू बघितलास तो सिनेमा?"

"दोनदा, मावशी."

"आणि बापाला ओळखलं नाहीस?"

"बघताक्षणी ओळखलं."

"मग मेल्या, फोन का नाही केलास?" हॉलमधली माणसं वळून बघायला लागली, पण मला कसली शुद्ध होती!

ते-सोकने फोटोकडे बघितलं.

"सगळं थिएटर हसत होतं, मावशी. मला वाटलं, म्हातारा मजेत आहे. सिनेमात कामं करतोय. माझ्यावाचून त्याचं काही अडलेलं नाही."