मामाजींची न्हाणी

माझ्या मोठ्या मामाजींइतका माणसांना धक्के देणारा गृहस्थ अख्ख्या नागपूर जिल्ह्यात दुसरा नसेल. मोजणीच्या खात्यात साखळी ओढणारा मजूर म्हणून ते लागले आणि परीक्षा देत देत मोजणीदार झाले. तेव्हापासून न मोजलेली जागा त्यांना सहनच होत नसे. माझ्या बहिणीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी पावलांनी मांडव मोजला आणि व्याह्यांना गंभीरपणे सांगितलं, "मांडव वाकडा आहे आमचा. त्या कोपऱ्यात हातभर." व्याही बिचारे हादरून पंगतीत दोन घास कमीच जेवले. आजाऱ्याला भेटायला गेले तरी मामाजी त्याच्या नाडीआधी खोलीची भिंत तपासत.

मी सिव्हिल इंजिनिअर झालो तेव्हा घरच्यांच्या डोळ्यांपुढे पूल आणि उंच इमारती उभ्या राहिल्या होत्या. मामाजी पेढा तोंडात टाकत म्हणाले, "बांधशील गा मोठमोठं. पण कोणाच्या जागेवर बांधून राहिला, हे पाहणारा कोणी पाहिजे का नाही?" एवढ्या एका वाक्यापायी मी बांधकाम कंपनीची नोकरी नाकारली आणि मोजणीच्या कामात शिरलो. "एवढा शिकला, अन् आता लोकायच्या बांधाबांधानं हिंडशील?" म्हणून आईने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

पण खरा धक्का पुढेच होता. उपग्रहावरून अचूक जागा दाखवणारं यंत्र मी नवीनच घेतलं होतं. ते मिरवायला मामाजींच्या अंगणात गेलो आणि गंमत म्हणून ले-आउटच्या नकाशावरून त्यांचाच प्लॉट मोजला. मामाजींची न्हाणी शेजारच्या मास्तरीणबाईंच्या जागेत जवळजवळ दोन फूट शिरलेली निघाली! "यंत्र चुकलं असेल," मी पुटपुटलो. मामाजींनी फीत काढून तीनदा मोजलं आणि मट्‌कन पायरीवर बसले. घर बांधलं तेव्हा ते भिवापूरकडे लोकांची शेतं मोजत होते. इथे मिस्त्रीने अंदाजाने दोरी लावली होती. आयुष्यभर जगाच्या हद्दी तपासणाऱ्या या माणसाने स्वतःचं घर कधी मोजलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामींचा घाबराघुबरा फोन आला. मी धावत गेलो, तर मामाजी धोतर खोचून घणाने न्हाणी फोडत होते. नळ तुटून पाण्याचं कारंजं उडत होतं. आवाज ऐकून मास्तरीणबाई बाहेर आल्या.

"भाऊ, काहून तोडून राहिले? मले का त्या दोन फुटांत शेती कराची आहे?"

"बाई, बावीस वर्षं मी तुमच्या जागेत आंघोळ करून राहिलो!" मामाजींनी आणखी एक घाव घातला. "तुमाले ठाऊकही नाही."

"ठाऊक होतं ना," बाई शांतपणे म्हणाल्या. "आमचे हे होते तेव्हाच त्यायनं मोजलं होतं. मंग मले म्हणे, शेजारी मोजणीदार आहे. त्याले सांगशील तर गावात त्याची काय इज्जत राहीन? दोन फूट गेले तर गेले."

घण मामाजींच्या हातातून गळून पडला. बाईंचे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली होती, आणि ते असतानाही त्यांच्याशी मामाजींचं बोलणं नमस्कारापलीकडे कधी गेलं नव्हतं. मग मामाजींनी घण उचलला आणि उरलेली भिंतही पाडली. नवी न्हाणी होईपर्यंत दोन महिने ते आणि मामी बांबूच्या ताट्याच्या आडोशाला आंघोळ करत होते. बाई सकाळी त्यांच्याकडे गरम पाण्याची बादली पाठवत, आणि मामाजी ती मुकाट्याने घेत.

यंदा बाई कायमच्या मुलीकडे पुण्याला गेल्या. घर विकलं गेलं. नव्या मालकाने पहिलं काम म्हणून मोजणी करायला मला बोलावलं. हद्द अगदी रेषेवर आली, बोटभरही इकडेतिकडे नाही. मालक खूश झाला. मामाजींनाही आनंद होईल म्हणून मी लगेच ते सांगायला त्यांच्या ओसरीवर गेलो.

"हो का?" एवढंच म्हणून ते शेजारच्या बंद खिडकीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "त्या बाईंचा फोन नंबर आहे का गा तुह्याजवळ?"