एक तुकडा तुमी, एक तुकडा मी

दिनकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी जेवायला बसलो होतो आणि तोंडात भाकरीचा घास होता. त्याचा मुलगा एवढंच म्हणाला, "काका, बाबा गेले." मला काहीतरी बोलायचं होतं, पण घास खालीही जाईना आणि बाहेरही येईना. पाण्याच्या घोटाबरोबर कसाबसा ढकलला. तो दिवस आणि आजचा दिवस... भाकरी मोडली की दिनकर समोर येऊन बसतो आणि माझ्या गळ्याकडे बघत राहतो. माझी बायको रेहाना म्हणाली, एकदा घशात दुर्बीण घालून बघून या. बघून आलो. रस्ता अगदी मोकळा आहे म्हणे. तरी हा गडी समोरून उठत नाही.

दिनकर केजचा पोटाचा डॉक्टर. मूळ चकलांब्याचा, पण शाळेसाठी केजला मामाकडे राहायला आला आणि पहिल्याच दिवशी माझ्या बाकावर बसला. माझ्या वडिलांचा फळांचा गाडा होता. डागी पेरू आमच्या दोघांच्या वाट्याला यायचे आणि डाग कुठपर्यंत आत गेलाय हे तो पेरू न कापता सांगायचा. दहातल्या पाच वेळा चुकायचा, पण बोलायचा असा ठासून की मला खरं वाटायचं. पुढे मी मराठीचा मास्तर झालो, तो डॉक्टर. मोठ्या शहरात शिकला तिथंच मुरेल असं सगळ्यांना वाटलं होतं. पण तो पोट तपासायची दुर्बीण घेऊन केजला परत आला. पहिली काही वर्षं लोक त्या काळ्या नळीला इतके भ्यायचे, की नळी दिसली तरी अर्धं दुखणं पळायचं.

आमच्या भागात पित्त हा आजार नाही, उत्तर आहे. छातीत जळजळलं, पित्त. डोकं दुखलं, पित्त. वजन उतरलं, तेही पित्तानंच. मग ओवा, जिरं, खायचा सोडा असं सगळं करून थकल्यावर माणूस जीप धरून दिनकरच्या दवाखान्यात यायचा आणि खुर्चीत टेकायच्या आत म्हणायचा, "पित्त हाय, साहेब." दिनकर या शब्दावर खवळायचा. "ते मी ठरवतो. भाकरी कवापासून कुस्करून खाताय ते सांगा," म्हणायचा. हा त्याचा ठरलेला सवाल होता. आपल्याकडे ज्वारीची भाकरी घशाखाली उतरेनाशी झाली की माणूस ते बोलत नाही. आधी भाकरी कालवणात कुस्करतो, मग दुधात, मग नुसतंच दूध पितो. घरच्यांना वाटतं, दात गेले, वय झालं. त्या कुस्करण्यात वर्ष निघून जातं आणि आतली गाठ वाढत राहते.

सवालाच्या जोडीला एक डबा होता. त्याच्या घरी सुमनवहिनी रोज सकाळी एक भाकरी जास्तीची थापायच्या, ती डब्यात घालून टेबलावर ठेवलेली असायची. संशय आला की दिनकर तुकडा मोडून पेशंटच्या हातावर ठेवायचा. कोरडा, पाण्याशिवाय. पण एकट्यानं खायचं आणि समोरच्यानं टकामका बघायचं हे आपल्याकडे बरं दिसत नाही, माणूस अवघडतो. म्हणून तो स्वतःही एक तुकडा घ्यायचा. "एक तुकडा तुमी, एक तुकडा मी," म्हणायचा आणि खाता खाता त्याची नजर समोरच्याच्या गळ्यावर असायची. घास उतरताना माणूस मान कशी पुढे काढतो, डोळे कसे मिटतो, हे तो बघायचा. मग दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी दुर्बीण. त्याच्या व्यवसायातली शहाणी मंडळी या भाकरीला हसायची. तो म्हणायचा, "हसू दे. ते बिस्किट खाणारे हायेत."

एकदा मी तिथं बसलो असताना एक म्हातारबाबा सुनेबरोबर आले. सून म्हणाली, "दिवाळीपासनं कुस्करूनच खात्यात. दाढंचा तरास हाय." दिनकरनं विचारलं, "सुपारी खाता का?" बाबा खुशीत आले. "खातो की. दातानंच फोडतो." दिनकर म्हणाला, "मग भाकरीनं काय घोडं मारलंय, बाबा?" सून हसली आणि हसता हसता थांबली, कारण दिनकर हसत नव्हता. त्या बाबांची गाठ वेळेत सापडली. ऑपरेशन होऊन ते परत आले आणि पुढे कितीतरी दिवस वाटेत दिसेल त्याला धरून, मी आता कशी कोरडी भाकरी खातो, ते सांगत सुटले. ती सुपारीची गोष्ट मी घरी रेहानालाही सांगितली होती.

मागच्या ईदेला दिनकर नेहमीप्रमाणे घरी आला. शिरखुर्म्याच्या वाट्या तो दोन-तीन सहज रिचवायचा. त्या दिवशी एकच घेतली, तीही हळूहळू. रेहाना वाटी उचलायला आली आणि वाटीकडे बघत उभी राहिली. दूध संपलं होतं. खारका आणि बदामाचे काप तळाशी जसेच्या तसे होते. मला काही कळलं नाही, मी आपला गप्पा मारत होतो. रेहाना हळूच म्हणाली, "डॉक्टरभाई, भाकरी कवापासून कुस्करून खाताय?"

दिनकरनं मान वर केली. मग कसनुसं हसून म्हणाला, "दाढ दुखती, भाभी."

रेहाना आत गेली आणि पानदान घेऊन आली. त्यातली अख्खी सुपारी काढून तिनं त्याच्यापुढे धरली. दिनकरनं ती घेतली, दाढेखाली धरली आणि कटकन फोडली. तो आवाज मला अजून ऐकू येतो. जाताना दारात चपला घालत मला म्हणाला, "मास्तर, उद्या गाडी काढ बे. संभाजीनगरला जाऊ."

तिथं त्याच्या हाताखाली शिकलेल्या डॉक्टरनं त्याला दुर्बीण घातली. ती पुढे जाईना. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला गाठ होती. तिचा तुकडा काढून तपासायला पाठवला, तरी उत्तर दिनकरला ठाऊकच होतं. आजार यकृतापर्यंत गेला होता. ऑपरेशनची वेळ टळून गेली होती. मग अन्ननलिकेत जाळी बसवली, तेव्हा दूध आणि पेज तेवढी उतरू लागली.

मला त्याचा राग यायचा. अजून येतो. एका दुपारी त्याच्या खोलीत आम्ही दोघंच होतो, तेव्हा मी तोंड सोडलं. "कावून बे? जल्मभर लोकांना इचारीत आलास. सोताला एकदा इचारायचं न्हाई?" तो छताकडे बघत म्हणाला, "दुसऱ्याला सांगायला समोर माणूस तरी असतो, सलीम. सोताला सांगायचं तर कुणाकडं बघून सांगायचं?" मी म्हणालो, मी मेलो होतो का? तो म्हणाला, "तू लई रडला असतास." मी तिथंच रडायला लागलो, तेव्हा, "बघ, म्हणलं न्हवतं?" म्हणून हसलाही.

तो नेमका कधीपासून जाणून होता, हे मात्र त्यानं सांगितलं नाही. मला तेच खात होतं. ईदेच्या आधी नुसता संशय असेल, डोळेझाक केली असेल, अशी मी मनाची समजूत घालत होतो.

परवा सुमनवहिनींना भेटायला गेलो. दवाखाना घराच्या पुढच्याच खोलीत. टेबलावर डबा होता. मी उघडून बघितला तर आत ताजी भाकरी. वहिनी म्हणाल्या, "हाताला सवय हाय. पीठ मळताना ध्यानातच राहत न्हाई." दारामागं त्याचा पांढरा कोट टांगलेला होता. त्या कोटाकडे बघत म्हणाल्या, "भाऊजी, कोट धुवायला टाकला की खिशात भाकरीचा चुरा निघायचा. पार ईदेच्या आधीच्या पावसाळ्यापासून. मी म्हणायची, चिमण्यांना टाकत असतील. कधी इचारलंसुद्धा न्हाई." मग म्हणाल्या, "हा शेवटचा कोट. ह्यात हात घालायचा धीर होत न्हाई. तुमी बघा."

मी खिशात हात घातला. खड्यांसारखे वाळलेले तुकडे हाताला लागले. एक तुकडा तुमी, एक तुकडा मी... पेशंटचा तुकडा पेशंट खात होता आणि ह्याचा खिशात जात होता. समोरच्याच्या गळ्याकडे बघता बघता रोज त्याला स्वतःचं कळत होतं. मी तुकडे टेबलावर ठेवले. नुसते मोडलेले तुकडे होते, सगळे सारखेच. एक तेवढा वेगळा होता. त्याच्या कडेला दातांची खूण होती.

त्या एका दिवशी त्यानं खाऊन बघितलं होतं.

वहिनींनी तो तुकडा टेबलावरून उचलला, थोडा वेळ मुठीत धरला आणि परत खिशात ठेवून दिला.