बोल्ट की स्टड

बाबांच्या जुन्या जीपचं इंजिन कोल्हापुरात रशीदमामांच्या गॅरेजमध्ये उलटं ठेवलंय. क्रँकला, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याला, जागेवर धरून ठेवणाऱ्या तीन लोखंडी कॅप मामांनी फडक्यावर ओळीनं मांडल्यात. त्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून बाबांनीच कधीतरी प्रत्येकीवर पंचनं ठिपके मारलेत: एक, दोन, तीन.

"आता कॅप आवळायला बोल्ट लावू का स्टड?" मामांनी विचारलं.

"फरक काय?"

"बोल्ट दर खेपेला ब्लॉकच्या आट्यांत फिरतो, आटे झिजतात. स्टड एकदा बसला की बसला, वरचा नट तेवढा फिरवायचा. पण स्टडनं कॅपवरचा ताण बदलतो. मग क्रँक बसतो ती बेअरिंगची घरं परत एका रेषेत बोअर करावी, कोरून घ्यावी लागतात."

म्हणजे बाबांच्या हातची जुळलेली रेष मोडायची. नाही मोडली, तर आटे जाणार. घटकेत हे पटतं, घटकेत ते. बाबा असते तर त्यांनी एका शब्दात सांगितलं असतं, आणि मी चिडलो असतो.

"तू आधी हे सांग," मामा हात पुसत म्हणाले, "गाडी चालवायचीय का जपायचीय?"

मी दोन ठिपक्यांच्या कॅपवर बोट ठेवलं. चालवणं आणि जपणं, इतके दिवस मला ती एकच गोष्ट वाटत होती.